कोणता स्कॅन, कशासाठी?

बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही एक शिस्त पाळत असू : आधी शंका नेमकी कोणती ते ठरवायचे, मगच कागद मागवायचे. माझ्या व्याह्यांच्या आजारपणात या शिस्तीची प्रकर्षाने आठवण झाली.

पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या यकृतावर गाठी दिसल्या. धास्तावलेल्या मुलांनी परस्पर पेट स्कॅन करवून घेतला. त्यात विशेष काही उजळले नाही आणि सारे निर्धास्त झाले. दोन महिने असेच गेले. पुढे चेहऱ्यावर अचानक लाली येणे व जुलाब सुरू झाले, तेव्हा कर्करोगतज्ज्ञांनी ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ची शंका व्यक्त केली. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ साली जाहीर केलेला आजार तो हाच.

नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये ‘एफडीजी’ ही किरणोत्सारी साखर टोचतात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी ती अधिक शोषतात. संथ वाढणाऱ्या या गाठी मात्र पुष्कळदा तिला दाद देत नाहीत. त्यांच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन संप्रेरकाचे ग्राहक असतात. त्या ग्राहकांना चिकटणारे, गॅलियम-६८ जोडलेले द्रव्य वापरून ‘डोटाटेट’ पेट स्कॅन करतात. गॅलियमचे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटे. म्हणून दिलेली वेळ चुकवू नये. या स्कॅनमध्ये व्याह्यांच्या लहान आतड्यातील मूळ गाठही सापडली.

म्हणून डोटाटेटच सर्वश्रेष्ठ, असे मात्र नव्हे. आक्रमक गाठींत हे ग्राहक कमी असू शकतात. तेथे एफडीजीच उपयोगी. शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी कॉन्ट्रास्ट सीटी, यकृतातील बारीक गाठींसाठी एमआरआय, तर स्वादुपिंडातील लहान गाठीसाठी एंडोस्कोपिक सोनोग्राफी. अंतिम निदान बायोप्सीचे. तिच्यातील ‘केआय-६७’ हा निर्देशांक ३ टक्क्यांहून कमी असल्यास वाढ संथ, २० टक्क्यांहून अधिक असल्यास वेगवान समजतात. आणखी एक सावधगिरी : ॲसिडिटीच्या काही गोळ्यांमुळे रक्तातील ‘क्रोमोग्रॅनिन-ए’ गाठ नसतानाही वाढलेले दिसते. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी. स्वतःहून बंद करू नये.

वाचकहो, महागडी तपासणी म्हणजे योग्य तपासणी नव्हे. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : या स्कॅनने कोणती शंका मिटेल? निष्कर्षाने उपचार बदलेल का?

व्याही आता दर महिन्याला इंजेक्शन घेतात आणि सकाळी दोन तास पेढीवर बसतात. गेलेले ते दोन महिने मात्र कोणत्याही खात्यात जमा होणार नाहीत.