खड्डा त्यांचा, शॉकप आमचे

आमची आई मोटारीत बसली की खड्ड्यागणिक रामाचं नाव घेते. लहान खड्ड्याला नुसता ‘राम’, मध्यमाला ‘श्रीराम’, आणि पाण्याच्या टाकीपाशी जो पुराणपुरुष आहे त्याला ‘अरे माझ्या रामराया’ असा सगळा पत्ता. वय वर्षं ७४, कमरेच्या मणक्यांची झीज, आणि आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला जिथे न्यायचं ते ठिकाण घरापासून चार किलोमीटर. म्हणजे जी कंबर दुरुस्त करून घ्यायची, तीच वाटेत मोडून मग डॉक्टरांच्या स्वाधीन करायची.

बँकेत वीस वर्षं कारकुनी केल्यामुळे मोजल्याशिवाय मला काही कळत नाही. एका मंगळवारी मी मोजले. जाताना एकेचाळीस राम. येताना आई झोपली होती, किंवा डोळे मिटून सहन करत होती. तो हिशेब धरला नाही.

आता अशा वेळी शहाणा माणूस काय करील? रस्त्याकडे बघेल. मी बी.कॉम. आहे. मी गाडीकडे बघितलं.

आणि इथेच माझं भांडण सुरू होतं. ते कुणा एका दुकानदाराशी नाही, तुमच्या-माझ्या सवयीशी आहे. सार्वजनिक खड्डा दिसला की खाजगी गादी विकत घ्यायची, ही ती सवय. नळाला पाणी नाही, टाकी बसवा. पाणी गढूळ, यंत्र बसवा. वीज जाते, इन्व्हर्टर बसवा. रस्ता वाईट, शॉकप बदला. एकेक करत आपण आपल्या पगारातून एक आख्खी नगरपालिका घरात बसवली आहे, आणि बाहेरच्या नगरपालिकेला घरपट्टीही भरतो आहोत!

माझी गाडी दहा वर्षांची, तीही दुसऱ्या हाताची. आमच्या शाखेत कुणी कर्ज मागायला आला तर त्याला सतरा कागद मागतात. मात्र गाडीबद्दल सल्ला मागणाऱ्याला काहीच मागत नाहीत, उलट देतात. हेडकॅशियर म्हणाले, “टायर बदला. मोठे रिम टाका. गाडी तरंगते की नाही बघा.” दुकानदार म्हणाला, “साहेब, विमानात बसल्यासारखं वाटेल.” विमानसुद्धा जमिनीवर असतं तेव्हा धावपट्टीवरून चालतं, आमच्या टाकीपासून नव्हे, हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. मला उत्तरं नेहमी बिल भरल्यावर सुचतात.

तर मी चौदा इंची रिम काढून सोळा इंची, चकचकीत, चांदणीच्या नक्षीचे बसवले. शिवाय स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर. “यानं गाडी उंच होते, खड्डा लागत नाही,” असं त्यानं सांगितलं. एकूण खर्च बासष्ट हजार. घरी सांगताना मी तो दोन हप्त्यांत सांगितला.

पुढच्या मंगळवारी आईला घेऊन निघालो. अठ्ठावन्न राम. आणि टाकीपाशी राम नव्हेच. तिथे आईनं थेट माझं नाव घेतलं.

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली. हे काम बिल भरण्याआधी करायचं असतं, पण कारकुनाला पैसे जमा झाल्यावरच खतावणीची आठवण होते. टायरच्या बाजूवर आकडे असतात, ते आपण औषधाच्या बाटलीवरच्या आकड्यांसारखे न वाचता सोडून देतो. माझ्या जुन्या टायरवर होतं १६५/८० आर १४. पैकी १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. म्हणजे १३२ मिलिमीटर. आणि १४ हा रिमचा व्यास, इंचांत. नव्यावर होतं १९५/५५ आर १६. म्हणजे भिंत १९५ च्या ५५ टक्के, १०७ मिलिमीटर. चाकाची एकूण उंची दोन्हीकडे जवळपास तेवढीच, ६२० मिलिमीटर. मग मोठं काय झालं? लोखंड मोठं झालं. आणि लहान काय झालं? हवा.

प्रत्येक चाकावरची २५ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच हवा कमी. चार चाकांची मिळून चार इंच हवा मी बासष्ट हजार रुपये मोजून दुकानात सोडून आलो होतो. ठेव ठेवायची ती आपण, आणि वर व्याजही आपणच भरायचं, असा व्यवहार आमच्या बँकेलासुद्धा अजून सुचलेला नाही.

खड्ड्याचा धक्का पहिल्यांदा खातो तो टायर. त्याची भिंत उंच आणि लवचीक असली तर बारीकसारीक खड्डे तिथेच जिरतात. उरलेलं स्प्रिंग घेते. शॉकपचं काम स्प्रिंगनंतरचं. धक्का खाल्लेली स्प्रिंग आपली हेलकावत राहते, तिला दटावून गप्प बसवायचं ते शॉकपनं. आतल्या तेलातून दट्ट्या सरकतो, आणि हेलकाव्याचं जे बळ असतं ते उष्णता होऊन विरून जातं. यात स्प्रिंगच्या वेढ्यात रबराचा बफर कोंबला की तेवढे वेढे हलायचे बंद. जितके कमी वेढे हलणार तितकी स्प्रिंग कडक. म्हणजे गाडीला मी उंच करण्याच्या नादात ताठ केलं होतं. सत्कारमूर्तीसारखं.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. ही कल्पना थॉमसन नावाच्या गृहस्थानं १८४५ मध्येच मांडून ठेवली होती, पण चालली ती डनलॉपची. त्यानं तो टायर केला कशासाठी? मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी, पोराला धक्के बसू नयेत म्हणून. बापानं मुलासाठी चाकात हवा भरली. आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनी मी मुलगा असून आईच्या चाकातली हवा काढली. प्रगती म्हणतात ती ही.

शेवटी मी आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “हवा किती भरता?”

“चाळीस. पंपावरचा पोरगा म्हणतो, अॅव्हरेज चांगलं मिळतं.”

मिस्त्रीनं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि खांबावरची चिकटपट्टी दाखवली. गाडी बनवणाऱ्यानं तिथे छापून ठेवलं होतं, पुढे किती हवा, मागे किती, माणसं कमी असताना किती, भरलेली असताना किती. कुठेही चाळीस नव्हतं. दहा वर्षं ते दार मी दिवसातून चार वेळा उघडत होतो. “आणि टायर थंड असताना भरायची,” तो म्हणाला. मग खाली वाकून त्यानं मागचे शॉकप दाखवले. दोन्ही तेलानं ओले. “हे कधीच गेलेत, साहेब. तुम्ही नुसत्या स्प्रिंगवर चाललाय.”

मूळ मापाचे टायर, मूळ जातीचे साधे शॉकप, खालच्या आर्मचे बुश, वरचं माउंटिंग, अलाइनमेंट. बफर काढून टाकले. टायर घेताना या खेपेला बाजूवरचा चार आकडी शिक्काही बघितला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शिळा चेक परत करणाऱ्या माणसानं शिळा टायर कसा घ्यायचा? चांदणीचे रिम अर्ध्या किमतीला गेले. ज्यानं घेतले त्याच्याही घरी आई असेल, पण मी बोललो नाही. एवढं पाप माझ्या नावे मांडून ठेवतो.

पुढच्या मंगळवारी बावीस राम.

एकेचाळीसाचे बावीस! मी खूश होऊन संध्याकाळी शिरा करायला सांगितला. पण रात्री झोप लागेना. वीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट अंगात मुरली आहे, ती म्हणजे ताळमेळ. एकेचाळीसातले एकोणीस गाडीतले होते, ते गाडीत सुधारले. उरलेले बावीस कुणाच्या खात्यावर? गाडी जेवढी नीट व्हायची तेवढी झाली. आता आणखी साठ हजार घातले तरी हे बावीस हलणार नाहीत, कारण ते गाडीत नाहीतच. ते रस्त्यात आहेत.

मग मी अर्ज लिहिला. बावीस खड्डे, कुठल्या घरासमोर, किती रुंद, अनुक्रमांकासह, आणि सह्या गोळा करायला निघालो. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी उंच, दांडगी गाडी घेतली आहे. ते म्हणाले, “खड्डे? आम्हाला तर जाणवतच नाहीत हो!” आणि सही न करता आतून चिवडा आणला. दुसरे म्हणाले, “सही कशाला, तुम्हीही उंच गाडी घ्या.” तिसऱ्यांनी मला दुकानाचा पत्ता दिला. चांदणीच्या रिमवाल्याचाच.

तेव्हा मला कळलं की चांगल्या सस्पेन्शननं फक्त खड्डाच जिरत नाही, तक्रारही जिरते. ज्यांच्या शब्दाला वजन आहे, ज्यांना फोन करायला नगरसेवकाचा नंबर माहीत आहे, ते सगळे उंच गाडीत गुबगुबीत बसलेले. खड्डा उरतो तो आमच्या शाखेतल्या शिपायाला. तो सायकलनं येतो. श्रावणात, पाण्यानं भरलेल्या टाकीपाशीच्या त्या खड्ड्यात तो पडला, मनगट मोडलं, आणि दीड महिना डाव्या हातानं फायली उचलत होता. त्याच्या सायकलीला शॉकप नाहीत. त्याची सही मात्र मिळाली. तीही डाव्या हाताची. आम्ही ती बँकेत पास केली नसती, अर्जावर मी केली.

कुणी म्हणेल, रस्त्याची भीक कशाला मागायची? भीक नाही हो! गाडी घेताना एकरकमी कर भरला तो काय मोटारीची मुंज म्हणून? पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांच्या नावाचा उपकर जातो. खड्ड्यानं टायर फुटला की नव्या टायरवर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत तो २८ टक्के होता, आता १८. म्हणजे रस्ता चांगला असावा म्हणून एक कर, आणि तो नाही म्हणून दुसरा. मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्येच सांगून ठेवलं आहे की नीट राखलेला रस्ता मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं जीव गेला तर वारसांना सहा लाख, आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली. जगण्याचा हक्क आपल्याला घटनेनं दिलाय, आणि आपण तो टायरच्या दुकानात जाऊन हप्त्यांवर विकत घेतो!

गतिरोधकाचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ मध्येच माप घालून दिलं आहे. ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, गाडी ताशी २५ किलोमीटरनं सुखानं पार होईल असा उतार. आमच्या गल्लीतला गतिरोधक रुंदीला पाटाएवढा आणि उंचीला उंबऱ्याएवढा. त्यावरून गाडी जात नाही, माप ओलांडते. नव्या सुनेसारखी.

गाडी नीट ठेवू नये असं माझं म्हणणं नाही. जरूर ठेवा. दारावरची चिकटपट्टी वाचा, गेलेले शॉकप बदला, भिंत उंच असलेले टायर ठेवा. तिथवर आपली जबाबदारी. त्यापुढे जे हादरे उरतात ते आपले नाहीत, आणि जे आपले नाहीत ते आपण गिळायचेही नाहीत. ते कागदावर उतरवून, पोच घेऊन, ज्याचे त्याला परत करायचे.

मी तसे केले. आवकचा शिक्का घेतला. दोन महिन्यांनी एका रात्री माणसं आली आणि टाकीपाशीचा खड्डा बुजवला. पेव्हर ब्लॉक घालून. आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा चांगला वीतभर उंच. खड्डा होता तिथे आता टेकडी आहे. मंगळवारी मोजलं, बावीसच. फक्त टाकीपाशी आईचा ‘रामराया’ आधी खाली जायचा, तो आता वर जातो.

मी हिरमुसून गाडी बाजूला घेतली. आई मागून म्हणाली, “अरे, बुजवला तर खरा. म्हणजे अर्ज वाचतात. तू दुसरा लिही.”

“आणि सह्या?”

“पहिली माझी घे,” आई म्हणाली. “आणि त्या वरच्या मजल्यावरच्यांना एक दिवस आपल्या गाडीत मागे बसव. मी मोजते.”