रुग्णाचा चेहरा ही रुग्णालयाची जाहिरात नव्हे

बिल काउंटरवर हिशेब चुकता झालेला असतो, डिस्चार्ज कार्ड हातात यायचे असते आणि तेवढ्यात रुग्णालयाच्या मार्केटिंग विभागातला एक तरुण खोलीत येतो. रुग्णाला बोधचिन्हाच्या भिंतीपुढे खुर्चीत बसवतात, हातात पुष्पगुच्छ देतात, कॉलरला छोटा माइक लावतात. नाव काय, गाव कुठले, त्रास काय होता, किती ठिकाणी दाखवले, इथे आल्यावर कसे वाटले, असे प्रश्न ठरलेले असतात. डॉक्टर खांद्यावर हात ठेवून शेजारी उभे राहतात. काही दिवसांत याचीच रील इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर येते, खाली अपॉइंटमेंटचा क्रमांक. महानगरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत गुडघेबदल, मणक्याची शस्त्रक्रिया, मूळव्याध, आयव्हीएफ, केसांचे रोपण यांसाठी रुग्ण मिळवण्याची ही आता रुळलेली पद्धत आहे. डॉक्टरांनी आणि रुग्णालयांनी समाजमाध्यमांवर यावे, भरपूर यावे, मराठीत यावे, असेच माझे मत आहे. मात्र बऱ्या झालेल्या रुग्णाचा अनुभव रुग्णालयाने स्वतः चित्रित करून स्वतःच्या खात्यावर जाहिरातीसाठी टाकणे पूर्णपणे थांबले पाहिजे. रुग्णाची लेखी संमती असली, तरीही.

या व्हिडिओंत बहुतेकदा खोटे काही नसते. रुग्ण मनापासून बोलतो आणि त्याचा गुडघा खरोखरच दुखायचा थांबलेला असतो. पण पाहणाऱ्याला जे ठरवायचे आहे, त्यासाठी एका माणसाचा खरा अनुभवही पुरेसा नाही. आपल्या वयाच्या, आपल्यासारखा मधुमेह असलेल्या किती जणांना या शस्त्रक्रियेचा उपयोग झाला, किती जणांना जंतुसंसर्ग झाला, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले आणि किती जणांचे नुसत्या व्यायामावर व फिजिओथेरपीवर भागले असते, हे त्याला कळायला हवे. ज्याला त्रास झाला, त्याला त्या भिंतीपुढे कोणी बसवत नाही. आयव्हीएफमध्ये तर हे फारच क्लेशदायक आहे. तिशीतल्या आणि बेचाळिशीतल्या स्त्रीला स्वतःच्या बीजांपासून मूल होण्याच्या शक्यतेत मोठे अंतर असते. बाळ कुशीत घेतलेल्या जोडप्याची रील मात्र दोघींच्याही मोबाइलवर सारखीच आशा घेऊन येते, आणि दागिने मोडून किंवा कर्ज काढून उपचाराचे दुसरे-तिसरे चक्र सुरू होते. आरोग्याच्या जाहिरातवजा मजकुरात काय गाळले जाते, याचे मोजमापही झाले आहे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात आला. निरोगी माणसांना सुचवल्या जाणाऱ्या पाच तपासण्यांबद्दलच्या इन्स्टाग्राम व टिकटॉकवरील ९८२ पोस्ट त्यांनी तपासल्या. संपूर्ण शरीराचा एमआरआय आणि स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच चाचणी या त्यातल्या दोन. ८७ टक्के पोस्टमध्ये फायदे सांगितले होते, तोट्यांचा उल्लेख जेमतेम १५ टक्क्यांत होता आणि गरज नसताना आजार हुडकून काढला जाण्याचा धोका फक्त ६ टक्क्यांत. ६८ टक्के खातेधारकांचा त्या चाचणीत आर्थिक हितसंबंध होता. अभ्यास इंग्रजी पोस्टचा आहे, पण एएमएच आणि ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती मराठी वाचकांना अनोळखी नाहीत.

संमतीपत्रावर सही घेतली की प्रश्न मिटला, असे रुग्णालये सांगतात. सही केव्हा घेतली जाते ते पाहावे. टाके अजून काढायचे असतात. पुढच्या आठवड्यात ड्रेसिंगला याच डॉक्टरांकडे यायचे असते. बिलात थोडी सवलत मिळालेली असते किंवा पुढे मिळेल अशी आशा असते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून मोफत उपचार झालेल्या माणसाला तर आपण नाही कोणत्या तोंडाने म्हणायचे, असेच वाटते. अशा वेळी विचारणारा आणि उत्तर देणारा बरोबरीचे नसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात गुणवंत विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र किंवा मनोगत जाहिरातीत वापरायचे तर लेखी संमती निकालानंतरच घ्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रवेशाच्या वेळी, गरजू असताना, घेतलेली सही खरी मानता येत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. जे सरकार परीक्षार्थीच्या बाबतीत एवढा विचार करते, त्याने अंगात अजून अशक्तपणा असलेल्या रुग्णाचा विचार करू नये, हे मला पटत नाही. शिवाय विद्यार्थ्याचा निकाल एकदा लागतो. गुडघा दोन वर्षांनी सैल होऊ शकतो, कर्करोग उलटू शकतो. व्हिडिओ मात्र तसाच फिरत राहतो.

नियम नाहीत अशी स्थिती नाही. वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. त्यांनुसार जाहिरात करून रुग्ण ओढणे अनैतिक आहे, आणि बरे केलेले रुग्ण व केलेल्या शस्त्रक्रिया यांची कोणत्याही माध्यमातून बढाई मारण्यास मनाई आहे. हे विनियम इतके कडक आहेत की डॉक्टरने लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचा फोटो छापणेही त्यांत बसत नाही. तरी रुग्णाचा चेहरा रोज दिसतो, कारण बंधन डॉक्टरवर आहे आणि पोस्ट रुग्णालयाच्या खात्यावरून पडते. विनियमांत संस्थांचाही उल्लेख आहे, पण आपला अधिकार डॉक्टरांपुरताच आहे, रुग्णालयांवर चालत नाही, अशी भूमिका तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने दिल्ली उच्च न्यायालयातच घेतली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे विनियम आणले. बऱ्या झालेल्या रुग्णांची छायाचित्रे, शस्त्रक्रियेचे व्हिडिओ, रुग्णांची प्रशस्तिपत्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत आणि लाइक किंवा फॉलोअर विकत घेऊ नयेत, हे त्यांत नेमकेपणाने लिहिले होते. तीन आठवड्यांत ते सगळेच स्थगित झाले. डॉक्टरांच्या संघटनांचा मुख्य विरोध त्यांतल्या जेनेरिक औषधेच लिहून देण्याच्या सक्तीला होता. समाजमाध्यमांचे प्रकरण त्याच्याबरोबर विनाकारण बुडाले.

यावर प्रामाणिक डॉक्टरांचा एक आक्षेप असतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आम्ही गप्प बसलो तर भोंदूंचेच फावेल, साखर मुळापासून घालवण्याचे दावे करणारे रोज बोलतात, आम्ही काय करायचे? त्यांनी बोलावेच. रक्तदाबाची गोळी परस्पर का बंद करू नये, अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी यांत फरक काय, डेंग्यूत प्लेटलेट कधी द्याव्या लागतात आणि कधी लागत नाहीत, हे मराठीत नीट सांगणाऱ्या डॉक्टरची समाजाला नितांत गरज आहे. त्यासाठी कोणत्याही रुग्णाचा चेहरा लागत नाही. रुग्णाशी नाते टिकवायलाही तो लागत नाही. पुढच्या तपासणीची आठवण, औषध कसे घ्यायचे याची चित्रफीत, शंकेला उत्तर हे सगळे थेट त्या रुग्णाच्या व्हॉट्सॲपवर जाऊ शकते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी अशा माध्यमातून सल्ला देण्याची मुभा दिलेलीच आहे. (केसपेपरसाठी दिलेल्या त्याच क्रमांकावर सवलतीच्या पॅकेजचे संदेश पाठवणे हा मात्र विश्वासघात आहे.) रुग्णाने स्वतःहून, स्वतःच्या खात्यावर लिहिण्याला माझा काहीच विरोध नाही. कर्करोगातून उठलेली बाई दुसरीला धीर देते, क्षयाचा रुग्ण उघडपणे बोलतो, याचे मोल मोठे आहे. तिथे तो चांगलेही लिहू शकतो आणि वाईटही. रुग्णालयाच्या पानावर फक्त चांगलेच येते.

मग लोकांनी रुग्णालय निवडायचे कसे, हा प्रश्न उरतो. त्याला उत्तर आकड्यांचे आहे. ब्रिटनमध्ये वंध्यत्व उपचारांवर देखरेख करणारी वैधानिक संस्था प्रत्येक केंद्राच्या यशाचे प्रमाण लोकांपुढे ठेवते आणि वयानुसार शक्यता कशी घटते तेही सांगते. गुडघा व खुब्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही तिथे २००३ पासून आहे. आपल्याकडे २०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने राष्ट्रीय नोंदणीची तरतूद केलीच आहे. त्यातले केंद्रनिहाय निकाल लोकांना साध्या मराठीत दिसावेत, एवढी पुढची पायरी घ्यायची आहे. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य कायद्यात रुग्णांची प्रशस्तिपत्रे जाहिरातीत वापरण्यास बंदी आहे, म्हणून तिथल्या लोकांना डॉक्टर सापडेनासे झालेले नाहीत.

इंटरनेटवर कोण कुणाला अडवणार, हे म्हणणे महाराष्ट्राने तरी मान्य करू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला. पुढे केंद्राचा कायदा आला आणि जाहिराती इंटरनेटवर सरकल्या, तेव्हा साबू मॅथ्यू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६-१७ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टला अशा जाहिराती रोखायला लावले, आणि केंद्र सरकारला तक्रारींसाठी नोडल यंत्रणा उभी करायला लावली. अमुक शब्द अडवणे अशक्य आहे, असे आधी या कंपन्याही सांगतच होत्या. इथे तर काम त्याहून सोपे आहे. रुग्णालयाचे खाते उघड असते, त्यावर नाव, पत्ता आणि फोन असतो.

महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी नर्सिंग होम कायद्याखाली होते. त्याच्या नियमांत राज्य सरकारने २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद घातली. त्याच नियमांत आणखी एक कलम घालता येईल: उपचारांच्या निकालाबद्दल रुग्णाचे मनोगत, छायाचित्र किंवा चित्रफीत रुग्णालयाने, त्याच्या डॉक्टरने किंवा त्यांच्या वतीने कोणत्याही एजन्सीने प्रसिद्ध करू नये, आणि वारंवार उल्लंघन झाल्यास नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी ते विचारात घ्यावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही २०२३ च्या विनियमांतले समाजमाध्यमांचे प्रकरण जेनेरिकच्या वादातून वेगळे काढून लागू करावे. आणि जे हजारो व्हिडिओ आधीच फिरत आहेत, ते रुग्णाने किंवा त्याच्या वारसांनी एक साधा संदेश पाठवताच काढून टाकण्याचे बंधन आजच घालता येईल. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असे २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सांगतो. रुग्णाकडून सही घेताना आज हे त्याला कोणी सांगत नाही. संमतीपत्राच्या पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत, मराठीत ते छापले पाहिजे.