संकासुराला टाळ्या, हडळीला मात्र कात्री

जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी काला उभा राहतो. काळ्या वेषातला, लांब जीभ काढलेला संकासुर पाहून मुले आईच्या कुशीत शिरतात. तो बोलू लागला की वडीलधारी मंडळी पोट धरून हसतात. त्याच रंगभूमीवर स्त्रीची भूमिका पुरुष वठवितो आणि त्यात कुणास गैर वाटत नाही. म्हार्दोळच्या म्हाळसेला तर आपण विष्णूचे मोहिनीरूप मानून हात जोडतो. भय, हास्य आणि स्त्रीपुरुषरूपांची अदलाबदल ही तिन्ही आपल्या देवळाच्या अंगणातलीच आहेत. मग थोड्या भांडवलावर कुणी दोन स्त्रियांच्या प्रेमाचा भयविनोदी चित्रपट काढू म्हटले, की ‘ही परकी थेरे’ अशी ओरड का व्हावी?

आक्षेपकांचे एक म्हणणे आम्ही मानतो. काल्यात असुराचा वध होतो. अशा चित्रपटात हडळच जिंकते. परंतु ही हडळ, ही अळवंतीण मुळात कोण? आपल्या समजुतीप्रमाणे अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. जिवंतपणी जिची विचारपूस झाली नाही, तिचे मेल्यावर मात्र भय! हे भय कुणाच्या अपराधाचे, एवढेच असा चित्रपट विचारतो; आणि हसवून विचारतो, म्हणून ते ऐकवते. २०१८ साली ‘स्त्री’ या चित्रपटाने जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या चंदेरीत पुरुषांना रात्री घराबाहेर पडण्याची धास्ती घातली, तेव्हा पुरुष प्रेक्षकही हसलेच.

पण तो नामांकित नटांचा चित्रपट. खरा प्रश्न धनहीन निर्मात्याचा आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. संबंध गुन्हा नाही, तर त्याची कथा गुन्हा कशी? तरीही प्रमाणन मंडळाने नकार दिल्यास जावे कोठे? २०१७ च्या जानेवारीत ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला प्रमाणपत्र नाकारले गेले, अपील न्यायाधिकरणाने एप्रिलमध्ये ते देवविले. ते न्यायाधिकरणच २०२१ साली मोडण्यात आले. आता दाद उच्च न्यायालयात मागावी लागते. वकिलीच्या अनुभवावरून आम्ही सांगतो, वकिलांचे शुल्क आणि तारखांची वाट यांत लहान निर्मात्याचे भांडवल व्याजातच आटते. कात्री न चालविताही चित्रपट मारता येतो, तो असा.

न्यायाधिकरण पुन्हा उभारावे, ही आमची सरकारकडे मागणी. दुसरी मागणी आपल्याच देवस्थानांच्या मंडळींकडे. चित्रपट न पाहता कुणी निषेधाच्या अर्जावर सही मागितली, तर ती देऊ नये. पसंत नसल्यास तिकीट काढू नये. तो अधिकार प्रत्येकास आहे. परंतु निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रंगराजन खटल्यात १९८९ सालीच सांगून ठेवले आहे.

मुले भितात म्हणून आपण कधी काला बंद पाडलेला नाही. तोच न्याय या चित्रपटासही लावावा.