टाय रॉड एंड: लोकल घ्यायचा की ओरिजिनल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो. आधी अनेकांवर २८ टक्के होता. म्हणजे करासकट १,२८० रुपयांचा पार्ट आता १,१८० ला पडायला हवा. मग ओरिजिनलच घ्यावा का?

माझ्या १३ वर्षं जुन्या हॅचबॅकचं स्टिअरिंग खड्ड्यांतून जाताना खडखडायला लागलं. मेकॅनिकने टाय रॉड एंड दाखवला. स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा हा सांधा. रबरी बूट फाटलेला, ग्रीस गेलेलं, आतला बॉल ढिला. हा सांधा निसटला तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. त्यामुळे इथे बिननावाचा लोकल माल नकोच. शिवाय पार्ट लवकर गेला, तर मजुरी आणि व्हील अलाइनमेंटचा खर्च पुन्हा आलाच.

पण मधला मार्ग आहे. गाडी बनवणाऱ्यांना पार्ट पुरवणाऱ्या काही कंपन्या स्वतःच्या नावानेही विकतात, बहुधा थोडं स्वस्त. मी तोच घेतला. पैसे वाचवायचेच असतील, तर स्टिअरिंग कव्हरवर वाचवा. आणि पक्कं बिल घ्या; कर १८ टक्केच लावलाय ना, तेही बघा.