धागा कोणाच्या हातचा?

रविवारची सकाळ म्हणजे आमच्याकडे कागदपत्रांची सकाळ. कोणाचे रेशनकार्डावरचे नाव चुकलेले असते, कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाच्या पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडलेला असतो. कारकुनी करून पोट भरणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशीही कारकुनीच लागते, असे आमच्या पत्नी म्हणतात आणि वर चहाही ठेवतात. परवाच्या रविवारी शेजारच्या ताईंची मुलगी अशीच आपली फाईल घेऊन आली. ती यंदा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा भाचा भिंतीला टेकून मोबाईलवर सिनेमा पाहत बसला होता. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "हा खरा स्पायडरमॅन नाही."

झाले! फाईल राहिली बाजूला. खरा कोणता आणि खोटा कोणता, यावर दोघांची अशी जुंपली की शेजारच्या खोलीतले आजोबा डोकावून गेले. कॉमिकच्या पुस्तकात असे आहे, सिनेमावाल्यांनी तसे केले, मूळ कथेचा खून केला, वगैरे वगैरे. आम्ही आधी दोघांवरही डाफरलो. परीक्षा तोंडावर आल्या आणि तुम्हाला कोळ्याचे पडले आहे!

पण मग आमचे आम्हालाच हसू आले. आमच्या लहानपणी रद्दीच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक मिळत. १९६४ साली ते अंक निघू लागले आणि १९९० साली बंद पडले. त्यातला वेताळ मराठीत बोलायचा. कवटीची गुहा, कवटीची अंगठी आणि डेंकालीचे जंगल! त्या डेंकालीवरून आम्ही मित्रांशी भांडलो आहोत. पुढे मोठेपणी कळले, की मूळ अमेरिकन चित्रकथेत डेंकाली हे नावच नाही. तिथे त्या देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते, ते आपल्याकडच्या वाचकाला खटकू नये म्हणून इंद्रजालवाल्यांनी बदलले असावे. सिंग नावाच्या चाच्यांचेही त्यांनी सिंगा केले. १९९६ साली वेताळावर इंग्रजी सिनेमा निघाला, त्यात मूळ बंगाला हेच नाव होते. तो तेव्हा आम्ही पाहिला असता तर थिएटरात उभे राहून ओरडलो असतो की, हे चूक आहे, डेंकाली म्हणा! म्हणजे ज्याला आम्ही अस्सल म्हणून कवटाळले होते तेच बदललेले होते. तेव्हा पोरांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे ठरवून आम्ही चष्मा पुसला आणि ऐकत बसलो.

ज्या वाचक बंधू-भगिनींना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६२ साली अमेरिकेत स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला. पीटर पार्कर हा आईबापाविना पोर, काका-काकूंनी वाढवलेला. शाळेत हुशार, म्हणून चेष्टेचा विषय. विज्ञानाच्या प्रयोगाला गेला असता त्याला किरणोत्सारी कोळी चावतो आणि त्याच्या अंगी कोळ्याची शक्ती येते. मात्र जाळे अंगातून येत नाही. मनगटावर बांधायचे यंत्र आणि त्यातला चिकट धागा हे दोन्ही तो स्वतःच्या डोक्याने बनवतो. पोशाखही स्वतःच तयार करतो. पुढे काकाचा खून होतो आणि घरातला कमावता हात जातो.

१९६३ साली त्याच्या नावाचे स्वतंत्र मासिक सुरू झाले. त्याच्या पहिल्याच अंकात एक प्रसंग आहे, तो आमच्या भाच्याने सांगितला आणि आम्ही बी.कॉम. झालेला माणूस सावरून बसलो. पैशासाठी पीटर स्पायडरमॅनच्या वेशात खेळ करतो. मोबदल्याचा चेक मिळतो तो स्पायडरमॅनच्या नावाने. बँकेत जातो तर कारकून म्हणतो, या नावाचे ओळखपत्र दाखवा! ते कोठून आणणार? चेक वटत नाही. तिकडे काकू आपले दागिने गहाण टाकताना त्याला दिसते. भिंतीवर चढणारा वीर, पण खिडकीवरच्या कारकुनापुढे त्याचे काही चालत नाही. आमच्या मते (आणि आम्ही स्वतः कारकून असून म्हणतो) जगातल्या चित्रकथांत इतके खरे पान क्वचितच निघाले असेल.

आता सिनेमा. २००२ साली सॅम रायमी या दिग्दर्शकाने मोठा चित्रपट काढला आणि त्यात पीटरचे जाळे थेट मनगटातून येऊ लागले. यंत्र नाही, रसायन नाही. मोठमोठ्या कंपन्यांना जमणार नाही असा चिकट धागा एक शाळकरी पोरगा घरात बनवतो, हे प्रेक्षकाला पटणार नाही, असे रायमी यांचे साधारण म्हणणे होते. चाहते खवळले. वरवर पाहता हा हट्ट पोरकट वाटतो. धागा मनगटातून आला काय आणि मनगटावरच्या डबीतून आला काय, चोर तर पकडला जातोच! पण भाच्याने जे सांगितले ते आम्हाला विचार करायला लावणारे वाटले. तो म्हणाला, "मामा, शक्ती त्याला कोळ्याने दिली, ती कोणालाही मिळाली असती. धागा त्याचा स्वतःचा होता. अभ्यासातून आलेला. तोच काढून घेतला."

यावर मुलीने जे उत्तर दिले ते त्याहून खणखणीत. ती म्हणाली, "दादा, धागा काढला, पण घरभाडं ठेवलं ना?" आणि हे अगदी खरे आहे. २००४ सालच्या दुसऱ्या भागात पीटर पिझ्झा पोचवण्याचे काम करतो, उशीर होतो म्हणून ते काम जाते. खोलीचा मालक भाड्यासाठी दारात उभा असतो. काकू बँकेत कर्ज मागायला जाते, ते नाकारले जाते. ज्या मालिकेवर मूळ बिघडवल्याचा आरोप, तिनेच १९६३ सालचे ते चेकचे आणि दागिन्यांचे दुखणे जपले. उलट २०१७ सालच्या 'होमकमिंग'मध्ये जाळ्याचे यंत्र मुळाबरहुकूम आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत तो गुपचूप रसायन बनवतानाही दिसतो. पण पोशाख? तो देतो टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन, अब्जाधीश कारखानदार! पोशाखात बोलणारा संगणक, नाना तऱ्हेची जाळी, सगळे शेठजींकडून. चाहत्यांचा एक मोठा गट यावरही चिडला. हा स्पायडरमॅन राहिलाच कोठे, हा तर श्रीमंताच्या पंखाखालचा उमेदवार झाला, असे त्यांचे म्हणणे.

तेव्हा आता पाहा, मुळाशी इमानदार कोण? ज्याने यंत्र बदलले आणि गरिबी ठेवली तो, की ज्याने यंत्र ठेवले आणि गरिबी शेठच्या हवाली केली तो? भाचा म्हणाला की स्टार्क शेवटी पोशाख काढून घेतो आणि पोरगा घरी केलेल्या साध्या कपड्यात लढतो, हे विसरू नका. तेही खरेच. २०२१ सालच्या चित्रपटाच्या शेवटी तर सारे जग त्याला विसरते, तो भाड्याच्या लहानशा खोलीत एकटा राहतो आणि स्वतः शिवलेला पोशाख घालून बाहेर पडतो. म्हणजे चाहत्यांची ओरड स्टुडिओपर्यंत पोचली असावी. गंमत अशी की उलटेही घडले आहे. २००२ सालचा चित्रपट इतका चालला की २००४ मध्ये कॉमिकवाल्यांनीच आपल्या पीटरला मनगटातून धागा दिला! काही वर्षांनी तो गुपचूप काढून घेतला. मूळ ग्रंथच जर सिनेमा पाहून बदलू लागला, तर प्रमाण कशाला मानायचे? ग्रंथ प्रमाण मानायचे की आपली बुद्धी, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही.

आता आम्हाला ज्यासाठी लेखणी उचलावी लागली ती गोष्ट. २००४ साली एक भारतीय स्पायडरमॅन निघाला होता, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांचे हे चार अंकी कॉमिक. नायक पवित्र प्रभाकर. दूरच्या खेड्यातला गरीब मुलगा, स्कॉलरशिप मिळाली म्हणून मुंबईच्या शाळेत येतो. धोतर आणि गावंढळ राहणी पाहून शाळेतली श्रीमंत पोरे त्याला छळतात, मारतात. सोबत काकू माया आणि काका. काकांचे नाव काय? भीम! एका बाईला गुंडांपासून वाचवायला जातात आणि त्यात त्यांचा जीव जातो.

आम्ही सरळ होऊन बसलो. स्कॉलरशिपचा मुलगा आणि भीमकाका! पण आमचा आनंद फार टिकला नाही. कारण याला शक्ती कशी मिळते, तर एक प्राचीन योगी भेटतो आणि देतो. अमेरिकेच्या पोराला विज्ञानाच्या प्रयोगातला कोळी चावतो, तो रसायन घोटतो, यंत्र जुळवतो. आणि कथा मुंबईला आली की प्रयोगशाळा गेली, बाबा आले, वरदान आले! यंत्राऐवजी मनगट केले म्हणून तिकडे केवढा गदारोळ. इथे तर हुशार मुलाची अक्कलच काढून टाकली.

२०२३ साली हाच पवित्र 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रमय सिनेमात आला. हा सिनेमा भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती. इथे मुंबई आणि मॅनहॅटन मिळून 'मुंबॅटन' नावाचे शहर आहे. पवित्रचे रूप पालटले आहे. डौलदार केस, ऐटबाज पोशाख, चेहऱ्यावर हसू. तो इंग्रजांनी लुटून नेलेल्या वस्तूंवरून टोमणे मारतो. पण खेडे नाही आणि स्कॉलरशिपचा उल्लेखही नाही. पुष्कळ चाहत्यांना हा बदल फार आवडला.

आम्हाला नाही आवडला, आणि आम्ही तसे बोललो. आम्ही कॉलेजात असताना एक प्रसंग दर वर्षी घडे. कॉलेजचे नाव इथे घेत नाही. ऑफिसातला बाबू भर वर्गात यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "स्कॉलरशिपवाले उभे राहा!" आम्ही सात-आठ जण उभे राहायचो आणि बाकीचा वर्ग मान वळवून बघायचा. स्कॉलरशिप मार्चमध्ये यायची, पण ते उभे राहणे जुलैमध्येच. कोट्यवधी लोक पाहतात अशा सिनेमात एकदा तरी तो मुलगा दिसायला हवा होता. कॉमिकमध्ये तो होता, सिनेमावाल्यांनी पुसला. खरा बदल हा, मनगटातल्या धाग्याचे काय घेऊन बसलात?

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्हाला तो हवा आहे. मला नको. शाळेत मार खाणारा, धोतरावरून चिडवलेला, तो मी रोज बघते. पडद्यावर आपला मुलगा हसत उडी मारत आला, तेव्हा मला बरं वाटलं."

आम्हाला उत्तर सुचले नाही. अजूनही पुरते सुचलेले नाही. गरिबी दाखवली नाही म्हणजे लपवली, असे आम्ही धरून चाललो होतो. ज्याच्या अंगावर ती रोजची आहे त्याला दर वेळी तीच बघायची नसते, हेही खरे. पण तो खेड्यातून आला आणि तरीही हसला, असे दाखवायला कोणी अडवले होते?

भाच्याने तेवढ्यात सिनेमातली आणखी एक गोष्ट सांगितली. यात माइल्स मोरालेस नावाचा कृष्णवर्णीय स्पायडरमॅन आहे. कॉमिकमध्ये तो २०११ साली आला तेव्हाही, स्पायडरमॅन गोराच पाहिजे, अशी ओरड काही चाहत्यांनी केली होती. सिनेमात सगळ्या जगांतले स्पायडरमॅन एकत्र जमतात आणि त्यांचा म्होरक्या माइल्सला सांगतो, की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही दुःखे ठरलेली आहेत, ती घडलीच पाहिजेत. पवित्रच्या मैत्रिणीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, मरायलाच हवे होते, ते तू वाचवलेस म्हणून घोटाळा झाला. आणि तू तर स्पायडरमॅन व्हायलाच नको होतास, चुकून झालास! शेकडो मुखवटे एका पोराला सांगत आहेत, की पूर्वी जसे घडले तसेच घडू दे. पोरगा म्हणतो, नाही, मी माझे बघेन, आणि धूम ठोकतो.

"म्हणजे चाहत्यांचंच भांडण सिनेमात घातलं आहे," मुलगी म्हणाली. भाचा या एका गोष्टीवर तिच्याशी सहमत झाला.

आमच्या पत्नी शेजारणींचे ब्लाउज शिवून देतात. इतका वेळ त्या मशीनवर बसून निमूटपणे ऐकत होत्या. त्यांनी भाच्याला तो २०२१ सालच्या चित्रपटाचा शेवट लावायला सांगितला, चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "अंगाला इतका घट्ट बसणारा कपडा घरी शिवायचा म्हणजे ताणाचं कापड लागतं. ते काय मीटर आहे, आणि त्याच्याकडे पैसे कुठून आले, ते नाही दाखवलं."

त्यावर तिघांचेही एकमत झाले. मग मुलीने फाईल पुढे ओढली. उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि गुणपत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेने पडले होते. ओळखपत्रावर तिसऱ्याच तऱ्हेने. आम्ही कोरा कागद घेतला आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहायला लागलो.