धर्माची गाय आणि तिचे दात

परवा लेकीचा फोन आला. तिच्याकडची सकाळ म्हणजे आमच्याकडची दिवेलागण, त्यामुळे देवापाशी दिवा लावला की मी फोनची वाटच बघत असते. ख्यालीखुशाली झाली, नातीचा गुडघा आता बरा आहे हे कळलं, आणि मग म्हणाली, "आई, तुला पाच जणांची माहिती पाठवलीय. वाचून सांग ना, यातलं कुणाला मत द्यावं?"

मी म्हटलं, "अगं, इथल्या सोसायटीच्या निवडणुकीत मत कुणाला द्यावं ते मला सुचत नाही, तुझ्या अमेरिकेतल्या माणसांचं मी काय सांगणार?"

"तू तीस वर्षं निबंध तपासलेस ना? तसंच वाच."

आता थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. माझी नात फिगर स्केटिंग करते. म्हणजे बर्फावर गिरक्या घेत, उड्या मारत, संगीतावर नाचायचं. माझा आणि बर्फाचा संबंध तोवर गोळेवाल्याच्या गाडीपुरताच होता! पण लेकीकडे तीन हिवाळे काढले आणि तिन्ही हिवाळे मी त्या रिंकच्या कठड्याशी स्वेटरवर स्वेटर घालून, थर्मास मांडीवर घेऊन बसले. झांबोनी नावाचं ते अवाढव्य यंत्र बर्फ पुन्हा गुळगुळीत करून जातं, तेवढ्या वेळात चहा प्यायचा. लेक तिथल्या क्लबाचं काम करते आणि क्लबाची प्रतिनिधी म्हणून राष्ट्रीय संघटनेच्या पदाधिकाऱ्यांसाठी तिला मत द्यायचं असतं.

ही अमेरिकेतली संघटना १९२१ सालची. कोलोरॅडो स्प्रिंग्जला तिचं मुख्य कार्यालय आहे. तिथे पगारी माणसं आहेत, त्यांच्यावर पगारी मुख्याधिकारी आहे. पण अध्यक्ष, संचालक मंडळ, असंख्य समित्या हे सगळे स्वयंसेवक. पगार नाही. स्पर्धेत गुण देणारे परीक्षकसुद्धा मेहनताना घेत नाहीत. क्लबात तर काय विचारूच नका. एक आई नावनोंदणीच्या टेबलाशी, एक बाबा गाणी लावायला, कुणी परीक्षकांसाठी घरून डबे करून आणतंय. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

कौतुक किती, ते सांगते. १५ फेब्रुवारी १९६१ ला ब्रसेल्सजवळ विमान कोसळलं आणि प्रागला विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा सगळाच्या सगळा संघ गेला. अठरा स्केटर, त्यांचे प्रशिक्षक, परीक्षक, घरची माणसं. त्या वर्षीची स्पर्धाच रद्द झाली. हा खेळ त्या देशात पुन्हा उभा केला तो अशाच बिनपगारी माणसांनी. त्यांनी तेव्हा उभारलेल्या स्मृतिनिधीतून आजही होतकरू स्केटर मुलांना मदत मिळते. आणि २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनजवळ विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसं गेली, त्यांतली २८ स्केटिंगच्या जगातली होती. विचिटाच्या शिबिरातून परतणारी कोवळी मुलं, त्यांचे आईबाप, त्यांचे प्रशिक्षक. त्या आठवड्यात लेकीच्या क्लबातल्या बायका रोज संध्याकाळी रिंकवर जमायच्या, मुलांना एकटं वाटू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा स्वयंसेवकांची थट्टा करायला मी हे लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

तर ते पाच निबंध वाचले. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण वाचले. पाचही स्वच्छ, नेटके. गैर काही नाही. पण 'माझा आवडता नेता' हा निबंध साठ मुलं एकाच गाइडमधून लिहितात, तसं झालं. इतकी वर्षं निःस्वार्थ सेवा. इतक्या समित्या. खेळावर प्रेम. मोठ्या कंपनीतला अनुभव. भविष्याची दिशा. मी लाल पेन घेऊन बसले आणि खूण कुठे करावी तेच कळेना!

मग लक्षात आलं की चूक त्या पाच जणांची नाही. चूक विचारणाऱ्यांची आहे. आपण फुकट काम करणाऱ्याला 'तुम्ही काय काय केलंत' एवढंच विचारतो. 'तुम्ही काय केलं नाहीत' हे कधीच विचारत नाही. आपल्याकडे म्हण आहे ना, धर्माची गाय आणि दात का गं नाय? दानात मिळालेल्या गाईचे दात मोजायचे नसतात. एक पैसा न घेता राबणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणं आपल्याला कृतघ्नपणाचं वाटतं. मला नेमकं इथेच भांडायचंय. गाय धर्माची असेल, पण दूध आपली लेकरं पितात. दात मोजलेच पाहिजेत.

न मोजल्यावर काय होतं ते फ्रान्सकडे बघा. तिथल्या बर्फावरच्या खेळांच्या फेडरेशनवर १९९८ मध्ये दिदिए गैलागे अध्यक्ष झाले. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षक बाईंनी, आपल्याला रशियन जोडीला मत द्यायला वरून दडपण होतं, असं सांगितलं. नंतर त्यांनी शब्द फिरवला, गैलागे यांनीही आरोप नाकारला, पण आंतरराष्ट्रीय संघटनेनं दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केलं आणि कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. आता तुम्ही म्हणाल, संपली असेल त्यांची कारकीर्द. छे हो! २००७ मध्ये तेच गृहस्थ पुन्हा अध्यक्ष झाले. कुणी बळजबरीनं बसवलं नाही, निवडून आले.

पुढचं जास्त वाईट आहे. २००० मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या सारा अबितबोल यांनी २०२० च्या जानेवारीत पुस्तक लिहून सांगितलं, की पंधरा वर्षांची असल्यापासून माझ्या प्रशिक्षकानं माझ्यावर अत्याचार केले. तीस वर्षांनी बोलल्या त्या. आणि त्या प्रशिक्षकाबद्दल सरकारकडे २००० सालीच चौकशी झाली होती, त्याचं सरकारी पद गेलं होतं. तरीही तो फेडरेशनच्या कामात राहिला. क्रीडामंत्र्यांनी मागणी केल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये गैलागे यांनी राजीनामा दिला. नंतरच्या सरकारी चौकशीत वीसहून अधिक प्रशिक्षकांची नावं आली. वीसहून अधिक! म्हणजे हा एका सडक्या आंब्याचा प्रश्न नव्हता, अढीच तशी होती. आणि एवढ्या वर्षांत किती वार्षिक सभा झाल्या असतील, किती आभारप्रदर्शनं झाली असतील, किती हार घातले गेले असतील, याचा विचार मी करते.

का विचारलं नाही कुणी? याचं उत्तर मला रिंकच्या कठड्याशीच मिळालं. या खेळात धावण्यासारखं घड्याळ नाही. गुण माणूस देतो. आणि तीच माणसं परीक्षक, तीच समितीवर, कधी तीच पदाधिकारी. सॉल्ट लेकनंतर तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कुठल्या परीक्षकानं किती गुण दिले हेच लपवून ठेवायची पद्धत आली, ती २०१६ मध्ये बंद झाली. म्हणजे लबाडीवर उपाय काय, तर पडदा! आईबापांची अवस्था समजून घ्या. ज्यानं उद्या आपल्या मुलीच्या परीक्षेला टेबलाशी बसायचं, त्याला आज सभेत प्रश्न कोण विचारणार? लेक मला एकदा म्हणाली होती, "आई, इथे कुणी वाईट नाही गं, पण बोलत कुणीच नाही."

मला हे नवीन नव्हतं. आता जे लिहितेय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या शाळेत एक सर होते. शाळा सुटल्यावर गरीब मुलांना गणित शिकवायचे, एक पैसा घ्यायचे नाहीत. गावात केवढा मान! एके दिवशी सातवीतली एक हुशार मुलगी त्या वर्गाला जायची बंद झाली. काही दिवसांनी शाळेतही यायची बंद झाली. मी तिची वर्गशिक्षिका. शिक्षकांच्या खोलीत मी नुसतं म्हटलं, काय झालं असेल? तर एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "अहो, फुकट शिकवतात बिचारे, त्यांच्यावर कशाला संशय?" आणि मी गप्प बसले. काय झालं होतं मला आजही माहीत नाही. काहीच झालं नसेलही. पण मी तिच्या घरी गेले नाही, हे मला माहीत आहे. चाळीसहून जास्त वर्षं झाली, हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबायची ती सवय मात्र निवृत्त होईपर्यंत गेली नाही.

म्हणून उमेदवारांना विचारायचे तीन प्रश्न मी लेकीला लिहून दिले.

पहिला. तुमच्याकडे कधी एखाद्या मुलीची किंवा मुलाची तक्रार आली होती का, आणि तुम्ही किती दिवसांत काय केलंत? अमेरिकेत २०१८ पासून कायदाच आहे, की खेळातल्या जबाबदार मोठ्या माणसांना मुलांवरच्या अत्याचाराचा संशय आला तर चोवीस तासांत कळवायचं. त्यात पगारी आणि बिनपगारी असा भेद नाही. कायद्याला कळलं ते आपल्याला कळायला काय हरकत आहे?

दुसरा. तुमच्या दाराबाहेर कोण उभं आहे? मेबल फेअरबँक्स नावाची कृष्णवर्णीय मुलगी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये उत्तम स्केटिंग करायची. क्लबांनी तिला सभासद करून घेतलं नाही. क्लब नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर स्पर्धा नाही. ती आयुष्यात एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकली नाही. पुढे तीच प्रशिक्षक झाली आणि तिचा शिष्य एटॉय विल्सन १९६६ मध्ये नवोदितांच्या गटात राष्ट्रीय विजेता झाला. संघटनेनं १९९७ मध्ये तिला आपल्या सन्माननीयांच्या यादीत घेतलं, तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. तिला नाकारणारे क्लबवालेसुद्धा सेवाभावी, बिनपगारीच होते, हे विसरू नका. आज रंगावरून कुणी अडवत नाही, पण बर्फाचं भाडं, बूट, शिकवणी यांचा खर्च ऐकून मला चक्कर आली होती. तेही एक दारच आहे.

तिसरा. तुम्ही जाणार कधी? आंतरराष्ट्रीय संघटनेचे ओतावियो चिनक्वांता, मूळचे स्पीड स्केटिंगवाले, १९९४ ते २०१६ अध्यक्ष होते. बावीस वर्षं! तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. पण बावीस वर्षं राखलं की तळं आपलंच वाटायला लागतं.

आमच्या ह्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "असे प्रश्न विचारलेस तर फुकट काम करायला उभं कोण राहणार?" हा आक्षेप मी आयुष्यभर ऐकला. माझं उत्तर सोपं आहे. ज्याला या प्रश्नांचा राग येतो, तो उभा राहिला नाही तर बरंच. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा घाबरायचं कोण? ज्याच्या वह्या तपासायच्या राहिलेल्या असत तो. आणि खरं काम करणाऱ्याला कुणी नीट विचारलं तर उलट बरं वाटतं हो. एवढी वर्षं केलेलं कुणीतरी बघतंय तरी!

लेकीनं प्रश्न इंग्रजीत करून घेतले. पाठवायच्या आधी तिचा पुन्हा फोन. "आई, हिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे गं. निनावी पाठवू का?" मी लगेच काही बोलले नाही. नात माझीही आहे. मग म्हटलं, "नाव घालून पाठव. आपणच नाव लपवलं तर त्यांना काय विचारणार?"

पाच जणांपैकी दोघांची उत्तरं आली. एकाचं छान होतं, गाइडमधल्यासारखं. दुसऱ्या बाईंनी लिहिलं होतं, की काही वर्षांपूर्वी आपल्याकडे एक तक्रार आली होती, आपण ती पुढे पाठवायला दोन आठवडे लावले, आणि ते चुकलं. पुढे तीन ओळींत आता त्या काय करतात ते होतं. इंग्रजी अगदी साधं होतं, मला एका वाचनात कळलं.

मी लेकीला सांगितलं, हिला दे.