रांग आहेच कुठे?

संपादकांस,

इंग्लिश खाडी रबरी होड्यांतून ओलांडणाऱ्यांनी ‘रांग मोडली’ असा ठपका ठेवणारं पत्र गेल्या अंकात वाचलं. पत्रलेखकांना विचारावंसं वाटतं, ही रांग लागते कुठे?

ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज करायचा तर आधी ब्रिटनच्या भूमीवर असावं लागतं. आणि आश्रय मागायला येण्यासाठीचा सर्वसाधारण व्हिसा अस्तित्वातच नाही. योग्य कागदपत्रं नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे तिकिटाचे पैसे हातात असूनही सुदानी वा इरिट्रियन माणसाला विमानात चढू देत नाहीत. पुनर्वसनाच्या सरकारी योजना आहेत, पण निवड सरकार करतं आणि जागा मोजक्या. मग उरतो तो दलाल आणि त्याची रबरी होडी. २०२१च्या नोव्हेंबरात एकाच होडीच्या दुर्घटनेत किमान २७ जण बुडाले.

उलट २०२२मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी खास व्हिसा निघाला. दोन लाखांहून अधिक माणसं त्यावर रीतसर आली; त्यांना दलाल शोधावा लागला नाही. इटलीतही २०१६पासून चर्चसंस्था सरकारशी करार करून लेबनॉनमधल्या सीरियन कुटुंबांना तपासणीनंतर विमानानं आणत आल्या आहेत. सुरक्षेची छाननी निघण्यापूर्वीच होते, हे पत्रलेखकांनाही पटावं.

सगळ्यांनाच प्रवेश द्या, असं माझं म्हणणं नाही. अर्ज खाडीपलीकडच्या फ्रेंच बंदरात, कॅलेमध्ये घ्या, तिथंच मुलाखत घ्या, ज्यांचा दावा सकृद्दर्शनी खरा वाटेल त्यांना बोटीचं साधं तिकीट काढू द्या. १९५१च्या निर्वासित करारावर ब्रिटनची सही आहे, आणि जिवाच्या धोक्यातून थेट आलेल्याला केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये, असं त्याचं ३१वं कलम सांगतं.

— एक वाचक, ठाणे